टाक, दौत आणि पावसाचं पान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घराची कौलं काढून पुन्हा बसवायची होती. त्यासाठी माळ्यावरचं सामान खाली उतरवलं, तेव्हा त्यात अब्बांची पत्र्याची पेटी निघाली. पेटीत दोन लाकडी टाक होते, काचेची एक कोरडी दौत होती, टीपकागदाचा पिवळा पडलेला तुकडा होता. तेलकट कागदात गुंडाळलेल्या सात-आठ निबा होत्या. निबांवर बर्मिंगहॅमचं नाव कोरलेलं. एकोणिसाव्या शतकात जगभर वापरल्या जाणाऱ्या पोलादी निबांचा मोठा हिस्सा इंग्लंडातल्या त्या एका शहरात तयार होत असे. तिथली ती निब समुद्र ओलांडून आमच्या तालुक्याच्या कचेरीच्या पडवीपर्यंत पोचली होती.

कारण अब्बा त्या पडवीत बसत. ते अर्जनवीस होते. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारला काय आणि कसं लिहायचं ते कळत नाही, अशा लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस म्हणजे अर्जनवीस. कुणाचं सातबाऱ्यावर नाव लागत नसे, कुणाच्या विहिरीची वाट अडवलेली असे. अब्बा त्यांचं बोलणं ऐकून घेत, टाक दौतीत बुडवत आणि लिहायला लागत. मराठी अर्ज आणि पाकिटावरचा इंग्रजी पत्ता, दोन्ही त्यांच्या हातचं. अर्जाचं काम होवो न होवो, पण कारकूनसुद्धा तो कागद क्षणभर बघत राहत, असं लोक सांगत.

आणि या माणसाच्या मुलाचं, म्हणजे माझं, अक्षर कोंबडीचे पाय.

अब्बा ओरडत नसत. ते पट्टी ठेवत. शाळेतून आलो की एक पान कित्ता गिरवायचा. अक्षर ओळीखाली उतरलं की पट्टी बोटांच्या पेरांवर उतरे. मराठीत अक्षराला वळण असतं आणि मुलालाही वळण लावतात, शब्द एकच. अब्बा ही दोन्ही कामं एकाच पट्टीने करत. माझं अक्षर सुधारलं नाही. झालं एवढंच, की कोरा कागद समोर आला की माझी बोटं आखडू लागली. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण कवितेचा पहिला खर्डा आजही मी पाठकोऱ्या कागदावर करतो. कोऱ्या कागदाची भीती अजून गेलेली नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडा संकोच वाटतो. पण ते वगळलं तर बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

माझी लेक सहा वर्षांची होती. तिने पेन्सिल डाव्या हातात धरली. मी ती काढून उजव्या हातात दिली. तिने पुन्हा डाव्यात घेतली. असं किती वेळा झालं असेल याची गणती नाही. डाव्या हाताने लिहिणं बरं नव्हे, असं आमच्या घरात म्हणत आणि शेजारच्या घरातही म्हणत. त्यात आम्हा दोघांचं एकमत होतं. शेवटी एका संध्याकाळी मी तिचा डावा हात रुमालाने खुर्चीच्या दांड्याला बांधला. दहा-पंधरा मिनिटं. ती रडली नाही. उजव्या हाताने तिने पानभर ‘अ’ काढले. त्या दिवसापासून ती उजव्या हाताने लिहू लागली आणि मी समजलो, की मी वळण लावलं.

आज ती तेहेतीस वर्षांची आहे, बँकेत अधिकारी आहे. तिचं सगळं काम संगणकावर चालतं. सही सोडली तर ती हाताने काही लिहीत नाही. वाण्याची यादीसुद्धा मोबाइलवर टाइप करते.

तर, त्या मे महिन्यात ती सुट्टीला आली होती आणि बरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी होती. माझी ही नात डावखुरी आहे. तिच्या आईने तिला त्यावरून कधी टोकलेलं नाही. ती पेटी उघडली गेली तेव्हा नात माझ्या शेजारीच उकिडवी बसली होती. तिने एक टाक उचलला आणि विचारलं, “नाना, याने काय काढायचं?”

“काय लिहायचं?” असं तिने विचारलं नाही. “काय काढायचं?” असं विचारलं. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

मी माझ्या एका मित्राकडे गेलो. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी मला या टोकदार निबेचं शास्त्र समजावून सांगितलं. ते थोडक्यात असं.

आपला जुना बोरू किंवा उर्दू लिहिणाऱ्याचा कलम तिरका कापलेला असतो. त्याचं तोंड रुंद, म्हणून हात एका दिशेने गेला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. तिथे जाडी दिशेतून येते. टोकदार निबेचं तसं नाही. तिचं टोक सुईसारखं, मध्ये एक चीर आणि चिरेच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. खाली येताना दाब दिला की पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते. दाब काढला की पाकळ्या मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक. इथे जाडी दाबातून येते. म्हणून नियम एकच: वर जाताना हलकं, खाली येताना भार. वर जाताना दाबलंत तर निब कागदात रुतते आणि शाईचे शिंतोडे थेट सदऱ्यावर.

नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो काढला नाही तर शाई निबेवर धरत नाही, थेंब होऊन ओघळते. अब्बा नवी निब बटाट्यात खुपसून ठेवत, ते मला आठवलं. लहानपणी मला ती गंमत वाटायची. त्यामागचं कारण आज कळलं. शाई पातळ असेल तर तिच्यात डिंकाच्या पाण्याचे थेंब घालतात, म्हणजे ती पसरत नाही. कागद गुळगुळीत हवा. साध्या वहीच्या कागदावर शाई फुटते. आणि कागदावर आडव्या ओळींशी पंचावन्न अंशांचा कोन करणाऱ्या तिरक्या रेघा पेन्सिलीने आखून घ्यायच्या. इंग्रजी वळणदार अक्षर त्या रेघांच्या कलाने झुकतं.

हे सगळं समजून घेऊन मी घरी आलो आणि नातीला समोर बसवलं. आठवडाभर पेन्सिल, मग टाक. पहिला धडा शास्त्राप्रमाणे: वरून खाली जाड रेघ, एका ओळीत वीस. दुसरी ओळ, पुन्हा वीस. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. तिसऱ्या ओळीत निब रुतली, शाई उडाली. मी म्हणालो, “ओळीत. ओळीत बघ.” आणि दचकलो. तो आवाज माझा नव्हता, अब्बांचा होता. नातीने पटकन बोटं मिटून घेतली. तिला कुणी कधी पट्टी मारलेली नाही. तरीही मिटली. आणि दाराच्या चौकटीत तिची आई उभी होती.

ती काही बोलली नाही. मी टाक पुसून ठेवला.

त्याच दुपारी वळवाचा पाऊस आला. आम्ही दोघं पडवीत उभे होतो. वारा होता, त्यामुळे पाऊस तिरका पडत होता. नात म्हणाली, “नाना, तुमच्या रेघांसारखा पडतोय.” मी आत जाऊन कागद आणले. म्हटलं, “चल, पाऊस काढू. आधी भुरभुर.” तिने केसासारख्या बारीक तिरक्या रेघा काढल्या, हात जेमतेम टेकवून. “आता सर.” रेघा थोड्या जाड झाल्या. “आता मुसळधार.” तिने सगळा भार दिला. “आता उघडतोय.” पुन्हा हळूहळू बारीक. एका कागदावर तिने दोनशेच्या वर रेघा काढल्या आणि दुसरा कागद मागितला.

सकाळी जो धडा चाळीस रेघांत कंटाळवाणा झाला होता, तोच हा धडा होता. तोच कोन, तीच निब, तोच दाब. फरक एवढाच, की सकाळी रेघ का काढायची ते फक्त मला ठाऊक होतं. दुपारी ते तिलाही ठाऊक होतं.

एका जागी तिने इतका भार दिला की पाकळ्या फार फाकल्या, मधली शाई तुटली आणि जाड रेघेऐवजी दोन समांतर बारीक रेघा उमटल्या, मध्ये पांढरं. या विद्येत ही चूक मानतात. नात ओरडली, “नाना, कोकण रेल्वे!” मी मित्राला हे फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, “इंग्रजीतसुद्धा या चुकीला रेल्वेच्याच रुळांचं नाव आहे.”

त्यानंतरच्या महिन्याभरात आम्ही पानामागून पानं केली. पापलेटचं पान: एक तिरका लंबगोल, डावी बाजू खाली येताना जाड, उजवी वर जाताना बारीक. हाच लंबगोल पुढे ओ, ए, डी, जी या इंग्रजी अक्षरांचं पोट होतो. पापलेटच्या अंगावर खवल्यांच्या रांगा, म्हणजे छोट्या कमानी. सगळ्या सारख्या नसतील तर मासा शिळा दिसतो, असा नियम नातीने केला. जिलेबीचं पान: टाक न उचलता एकावर एक लंबगोल. लाटांचं पान: बारीक चढण, वरून वळण, भार देत उतरण, खालून वळण, पुन्हा चढण. एम, एन, यू ही अक्षरं म्हणजे लाटाच. पतंगांचं पान: वर जाणारे आणि खाली लोंबणारे फास, त्यातून एल, एच, वाय, जे येतात. आणि गोधडीचं पान: एकसारख्या अंतरावर छोटे छोटे टाके. शिवणीतला टाका आणि लिहिण्याचा टाक एकाच पानावर आले, याचं मला कवी म्हणून बरं वाटलं. नातीला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

श्रोतेहो, हा पोरखेळ आहे असं कुणी म्हणेल. मलाही प्रथम तसंच वाटलं. म्हणून मी या अक्षराचा इतिहास वाचला.

हे अक्षर मुळात तांब्याच्या पत्र्यावरून आलं. कोरीवकाम करणारे तांब्यावर अणकुचीदार हत्याराने अक्षर कोरत आणि त्यावरून कित्त्याची पुस्तकं छापली जात. जॉर्ज बिकहॅम या कोरक्याने इंग्लंडमधल्या नामांकित लेखनगुरूंचे नमुने कोरून १७३३ ते १७४१ या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा मोठा ग्रंथ भागाभागाने काढला. त्याची पानं पाहिली तर अक्षरांच्या भोवती वेलबुट्टी, पक्षी, माणसं दिसतात. म्हणजे गुरूंच्या ग्रंथातही नुसतं कडक अक्षर नाही, खेळ आहेच.

पुढे अमेरिकेत प्लॅट रॉजर्स स्पेन्सर नावाचा माणूस झाला. जन्म १८००, मृत्यू १८६४. घरची गरिबी, कागद मिळायचा नाही. हा मुलगा एरी सरोवराच्या काठावरच्या वाळूत अक्षरं गिरवायचा. आपल्याकडच्या धूळपाटीसारखंच; आपणही पहिली अक्षरं धुळीतच काढली आणि त्यांना धुळाक्षरं म्हटलं. स्पेन्सरने काठावरचे गोटे पाहिले. पाण्याने घासून घासून ते लंबगोल झालेले. त्याने लाटा पाहिल्या. त्यातून त्याला आपल्या अक्षराचे आकार सापडले, असं सांगतात. हीच ती स्पेन्सरियन लिपी. तुम्ही म्हणाल, आम्ही ती कुठे पाहिली? १८८६ साली फ्रँक रॉबिन्सन नावाच्या हिशेबनिसाने एका नव्या पेयाचं नाव याच वळणात लिहिलं. ते ‘कोका-कोला’ हे नाव आजही गावोगावच्या टपऱ्यांवर त्याच वळणात झळकतं. एका गरीब मुलाने वाळूत काढलेल्या गोट्यांची ती नातवंडं.

एकोणिसाव्या शतकातले हे अमेरिकन लेखनगुरू फावल्या वेळात एका झपाट्यात पक्षी काढत. ओहायोतल्या कोलंबस शहरात १८८८ साली सुरू झालेल्या झॅनेरियन कॉलेजात अक्षराबरोबर ही कलासुद्धा शिकवत. पक्ष्याचा पंख म्हणजे काय, तर भार देत ओढलेल्या रेघांची रांग. मान म्हणजे लाटेची रेघ. अंग म्हणजे लंबगोल. जे अक्षरात तेच पक्ष्यात. हात मोकळा व्हावा म्हणून पक्षी, आणि हात मोकळा झाला की अक्षर आपोआप मोकळं.

मग पामर नावाच्या गृहस्थांची पद्धत आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शाळांत पसरली. तिच्यातही लंबगोल होते, पण ते वर्गभर एकदम, मोजणीच्या तालावर काढायचे. त्या पद्धतीने असंख्य मुलांचं अक्षर सुवाच्य झालं, हे खरंच. पण लंबगोल तोच असला तरी त्यातला गोटा हरवला होता. माझ्या अब्बांची पट्टी आणि ती मोजणी, मला एकाच घराण्यातली वाटते.

उर्दूत सरावाला मश्क म्हणतात. सुलेखन शिकणारा सुटी अक्षरं वर्षानुवर्षं गिरवतो आणि कलमाच्या टोकाने काढलेल्या चौकोनी ठिपक्यांनी त्यांचं माप घेतो. अलिफ किती ठिपक्यांचा उंच, बे किती ठिपके लांब, हे ठरलेलं. या मापाचं श्रेय दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला याला दिलं जातं. शिस्त याहून कडक असू शकत नाही. आणि तरीही इराणात ‘सियाह मश्क’ नावाचा प्रकार आहे. सियाह म्हणजे काळी. सरावाच्या कागदावर अक्षरांवर अक्षरं लिहीत गेल्याने कागद काळा होतो. अर्थ लागत नाही, ओळ कळत नाही. पुढे हे सरावाचे कागदच लोकांना इतके आवडू लागले, की चौकटीत बसवून जपले गेले. सराव ही फळाची वाट बघण्याची शिक्षा नव्हे, सरावही एक फळ असतं, हे त्या लोकांनी ओळखलं.

मी मात्र ते वृत्तांच्या बाबतीत ओळखलं होतं आणि अक्षरांच्या बाबतीत विसरलो होतो. मात्रा मोजायला मला कुणी पट्टीने शिकवलं नाही. आमच्या गल्लीतल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत, होडीवरचे लोक ताल धरून दोर ओढत, मी नुसता ऐकत होतो. लय खेळता खेळता आत गेली. नंतर मोजून पाहिलं तर मात्रा बरोबर भरल्या.

तेव्हा खेळ म्हणजे ढिलाई असा कुणी अर्थ काढू नये. पावसाच्या पानात एक रेघ उभी पडली तर ती लगेच खुपते, कारण वारा एकाच दिशेने वाहतो. लाटांच्या पानात एक लाट बुटकी झाली की समुद्र खोटा वाटतो. खेळाचे नियम शिक्षकाच्या नियमांइतकेच कडक असतात. मात्र ते मोडल्याचं मुलाला स्वतःला दिसतं, दुसऱ्या कुणी दाखवावं लागत नाही.

आम्ही टाकाने देवनागरीही लिहून पाहिली. निब आडवी ओढली की पाकळ्या फाकत नाहीत, त्यामुळे शिरोरेघ बारीकच राहते. काना मात्र खाली येतो, तो भार घेतो. म्हणून या टाकाने लिहिलेली मराठी बोरूच्या मराठीसारखी भरदार दिसत नाही; दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते, वर बारीक दोरी आणि खाली लोंबणारं ओझं. अब्बांचे जुने अर्ज मी पुन्हा काढून पाहिले. त्यांत हेच होतं. इतकी वर्षं मला ते फक्त सुंदर दिसत होतं, ते कसं झालं ते आता दिसलं.

आता शेवटची गोष्ट सांगतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत बसलो.

पंचावन्न अंशांचा उजवीकडे झुकलेला कोन उजव्या हाताला अवघड जातो. निबेची चीर रेघेच्या दिशेत असेल तरच दोन्ही पाकळ्या सारख्या फाकतात. उजव्या हातात टाक नैसर्गिकपणे डावीकडे कलतो, अक्षर मात्र उजवीकडे कललेलं. म्हणून एकतर मनगट पिळायचं, नाहीतर कागद खूप फिरवायचा. यावर उपाय म्हणून तिरका टाक निघाला. त्याच्या एका बाजूला पत्र्याचा कान असतो आणि निब त्यात तिरपी बसते. माझ्या मित्रांनी मला तसाच एक टाक दिला होता. मी तो नातीच्या हातात दिला. तिला तो काही जमेना. मी मित्रांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, ती डावखुरी ना? मग तिला तिरका टाक कशाला? ओळीच्या खालून लिहिणाऱ्या डाव्या हातात साध्या टाकाची निब आपोआप अक्षराच्या कलात बसते. हा तिरका टाक म्हणजे डाव्या हाताला जे फुकट मिळतं ते उजव्याला देण्याची युक्ती आहे.”

श्रोतेहो, मी फोन ठेवला आणि बराच वेळ पडवीत बसून राहिलो. जो हात मी खुर्चीला बांधला होता, तो या कामासाठी जन्माला येतानाच तयार होऊन आला होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी लेकीला हे सांगितलं. जसं मित्रांनी सांगितलं तसंच, शास्त्र म्हणून. आणि मग म्हणालो, “मी तुझा हात बांधला होता. ते चुकलं माझं.” सत्तावीस वर्षं हे वाक्य मला जमलं नव्हतं, आणि उच्चारायला काही क्षणही लागले नाहीत. ती ताटं गोळा करत होती. “मला वाटलं, तुम्ही विसरलात,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

ती मला क्षमा करून टाकेल आणि गोष्ट गोड होईल, असं काही झालं नाही. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एके रात्री मी पाणी प्यायला उठलो तर माजघरात दिवा. नात झोपलेली. तिची आई जमिनीवर बसलेली, समोर कागद, अब्बांचा साधा टाक तिच्या डाव्या हातात. ती पाऊस काढत होती. रेघा थरथरत होत्या. मी पाऊल मागे घेतलं, पण तिने ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाली, “अब्बा, हा हात अजून सहाच वर्षांचा आहे.”

मी म्हटलं, “मग भुरभुर आधी. मुसळधार नंतर.”

ती हसली की नाही ते मला अंधारात दिसलं नाही. पण टाक तिने खाली ठेवला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी दोघी परत गेल्या. जाताना नातीने एक टाक नेला, दुसरा माझ्यासाठी ठेवला. दौत दोघांत एकच होती, ती तिने नेली. मी औषधाची एक रिकामी बाटली धुऊन घेतली आहे. लेक कधी फोटो पाठवते, पतंगाच्या पानाचा, जिलेबीच्या पानाचा. पान कुणी केलं ते सांगत नाही. मी विचारत नाही. रेघ जरा थरथरली असेल तर मी ओळखतो.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला टाक हाती घ्यावासा वाटला तर फार सामान लागत नाही. एक साधा टाक, जरा ताठ निब, गुळगुळीत कागद. जपानी चित्रकथा काढणारे जी नावाची निब वापरतात, ती नवशिक्याला चांगली, कारण ती दाब सहन करते. लहान मुलांच्या हाती निब देताना शेजारी बसा, ती टोचते. लिहून झालं की निब धुऊन कोरडी करा, नाहीतर गंजते. दिवसाला पंधरा मिनिटं पुरेत. आणि पहिल्या दिवशी अक्षर काढू नका. खिडकीतून जे दिसत असेल ते काढा.

मी स्वतः रोज एक पान करतो. कोऱ्या कागदावर करतो. माझं अक्षर अजूनही कोंबडीचे पायच आहे. पण परवा मी कोंबडीच्या पायांचंच एक पान केलं: तीन बारीक रेघा पुढे, एक मागे, सगळ्या एका कलात, ओळीमागून ओळ. अब्बांनी ते पाहिलं असतं तर पट्टी उचलली असती की टाक, हे मला सांगता येणार नाही. पान मात्र मी जपून ठेवलं आहे, त्यांच्याच पेटीत.